जुनी डिझेल गाडी गोव्यात सांभाळायची तर

जुन्या डिझेल इंजिनाचं लोखंड दणकट असतं. ते खराब होतं ते आत जाणाऱ्या चार गोष्टींमुळे: डिझेल, हवा, ऑइल आणि कूलंट. गोव्यात या चारही गोष्टींकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. चार महिने पाऊस, किनाऱ्यावरची खारी हवा, डिचोली-सांग्याकडच्या खनिजाच्या रस्त्यांवरची तांबडी धूळ, आणि घराला कुलूप लावून मंडळी परदेशी गेली की महिनोन्‌महिने पडवीत उभी राहणारी गाडी. वडिलांची गाडी हाती आलेल्या किंवा सेकंडहँड डिझेल गाडी पहिल्यांदा घेतलेल्या माणसाने काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी इंजिन ओळखा

बॉनेट उघडा आणि स्टीलचे बारीक पाइप कुठून कुठे जातात ते पाहा. पंपातून प्रत्येक सिलिंडरच्या नोझलकडे (डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे) वेगळा पाइप जात असेल आणि नोझलवर वायर नसेल, तर ते जुन्या पद्धतीचं मेकॅनिकल इंजिन: टाटा इंडिकाचं १४०५ सीसी, जुनी बोलेरो, डिझेल अँबेसेडर, ट्रॅक्स. पंपातून एक पाइप एका जाड नळीत जातो, तिथून प्रत्येक इंजेक्टरला फाटा फुटतो आणि इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा कपलर असतो, तर ते कॉमन रेल: अ‍ॅक्सेंट सीआरडीआय, इनोव्हाचं २४९४ सीसी, स्विफ्ट डीडीआयएसचं १२४८ सीसी.

हा फरक जिवाशी गाठ आहे. मेकॅनिकल इंजिनात नोझलच्या पाइपाचा नट सैल करून हवा काढता येते. कॉमन रेलमध्ये इंजिन चालू असताना दाब १,००० बारच्या वर जाऊ शकतो. बारीक फवारासुद्धा कातडी भेदून आत जातो. त्या नटांना घरी पाना लावायचा नाही, आणि गळती कुठे आहे ते बोटाने चाचपायचं नाही.

डिझेलला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते आणि आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंडिकासारख्या प्री-चेंबरच्या (डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं अशा) इंजिनात हवा २२ पट दाबली जाते, स्विफ्टच्या १.३ मध्ये साधारण साडेसतरा पट. म्हणून सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात: पुरेसं कॉम्प्रेशन, वेळेवर आलेलं स्वच्छ डिझेल, आणि सेल्फने दिलेला चांगला वेग. गाडी सुरू होत नसेल तर शोध याच तिघांत घ्यायचा.

पहिल्या आठवड्यात

आधीच्या मालकाने काय केलं याची बिलं हातात नसतील तर काहीच झालेलं नाही असं धरून चाला. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदला. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा रबरी पट्टा) असेल तर तो यादीत सगळ्यात वर.

बेल्टचं अंतर गाडीच्या पुस्तकात असतं. इंजिनागणिक ते बदलतं. पण रबर वर्षांनीही मरतं, त्यामुळे कमी चाललेल्या गाडीचाही बेल्ट पाच-सहा वर्षांत बदलावा. डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा फार थोडी. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं. बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुली) घ्या, वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही, आणि क्रँक-कॅमच्या ऑइल सीलमधून ओल दिसली तर तीही. मजुरी एकदाच लागते. स्विफ्टच्या १.३ ला बेल्ट नाही, चेन आहे. पण ती ऑइलवर जगते. सकाळी पहिल्या सेल्फला काही क्षण साखळी खडखडली तर आधी ऑइलची पातळी पाहा, मग चेन आणि टेन्शनर तपासून घ्या.

डिझेलमधलं पाणी

गोव्यात जुन्या डिझेलचा खरा वैरी हा. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की वरच्या हवेतला दमटपणा थंड पत्र्यावर पाणी होऊन धरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला बसतं. पत्र्याची टाकी आतून गंजते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू-बुरशी वाढते, तिचा काळपट बुळबुळीत थर फिल्टर बंद करतो. इंडिकासारख्या गाडीतल्या रोटरी पंपाला (फिरत्या भागाने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणाऱ्या पंपाला) वंगण डिझेलचंच मिळतं. त्यात पाणी गेलं की आतले घासून बसवलेले भाग ओरखडतात, आणि पंप कॅलिब्रेशनचा खर्च अंगावर येतो. कॉमन रेलचा इंजेक्टर तर पाण्याला त्याहून नाजूक.

पाणी काढणं दहा मिनिटांचं काम आहे. पावसाळ्यात महिन्याला एकदा, एरवी तीन महिन्यांनी करा.

१. गाडी रात्रभर उभी राहू द्या, म्हणजे पाणी फिल्टरच्या तळाला बसेल. सकाळी सेल्फ मारण्याआधी काम करा.

२. फिल्टरच्या बुडाशी प्लॅस्टिकचा किंवा पितळी ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली पारदर्शक बाटली धरा. डिझेल रबरी होजवर, बेल्टवर किंवा अल्टरनेटरवर सांडू देऊ नका.

३. स्क्रू दीड-दोन वेढे सैल करा. आपोआप आलं नाही तर फिल्टरच्या डोक्यावरचा किंवा लाइनमधला हातपंप दाबा.

४. साधारण १०० ते २०० मिली काढा. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर, पाण्याचे मणी किंवा गढूळपणा दिसला तर पुन्हा काढा, स्वच्छ येईपर्यंत.

५. स्क्रू हाताने घट्ट करा. प्लॅस्टिकच्या स्क्रूला पक्कड लावली की आटे जातात, आणि मग तिथून हवा शिरते.

प्रत्येक वेळी चमचाभर पाणी निघत असेल तर दोष टाकीत आहे. टाकी उतरवून धुवावी लागेल. झाकणाचं रबरही बदला, कारण धुताना आणि पावसात पाणी तिथूनच जातं. डिझेल फिल्टर मेकॅनिकल गाडीत १०,००० किलोमीटरला बदललेला बरा, पुस्तकात अंतर जास्त दिलेलं असलं तरी. डिझेल जास्त खपाच्या पेट्रोल पंपावरच भरा. ट्रॉलरसाठी किंवा मशिनरीसाठी पिंपात साठवलेलं डिझेल कोणी स्वस्तात देऊ केलं तरी नको. रॉकेलची भेसळ तर पंपाचं वंगणच काढून घेते.

आणखी एक. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (प्रदूषण नियमांचा भारत स्टेज ६ टप्पा) डिझेल मिळतं, त्यात गंधक फक्त १० पीपीएम. जुन्या इंजिनाला ते चालतं, वंगणासाठीचा घटक त्यात मिसळलेला असतो. मात्र जुनाट, कडक झालेले पंपाचे सील आणि रबरी पाइप झिरपू लागले तर ते बदलायला काढा.

हवा धरली तर

फिल्टर बदलल्यावर, टाकी कोरडी पडल्यावर किंवा पाइपला बारीक भेग गेल्यावर लाइनमध्ये हवा शिरते. गाडी सुरू होऊन बंद पडते, किंवा नुसता सेल्फ फिरतो. मेकॅनिकल इंजिनात हवा अशी काढतात:

फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू सैल करा. हातपंप दाबत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार असतानाच स्क्रू आवळा. पंपाला ब्लीड स्क्रू असेल तर तिथे हेच. एवढ्याने बहुतेक गाड्या सुरू होतात. नाही झाली तर कोणत्याही दोन नोझलच्या पाइपांचे नट एकेक वेढा सैल करा, दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा, तिथून डिझेल ठिबकू लागलं की नट आवळा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांवर नको. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर तापून जळते.

हवा पुन:पुन्हा धरत असेल तर फिल्टरपासून पंपापर्यंतच्या पाइपात फूटभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवा. इंजिन चालू असताना नळीत बुडबुडे दिसले तर शिरकाव मागे, टाकीच्या बाजूला आहे. तिथे डिझेल बाहेर गळत नाही, कारण पंप ते ओढत असतो. म्हणून जमिनीवर डाग शोधून काही सापडत नाही.

कॉमन रेलमध्ये फक्त कमी दाबाची बाजू भरायची: हातपंप कडक होईपर्यंत दाबा, किंवा टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा. पुढचं काम गॅरेजचं.

सेल्फ जोरात फिरतो, डिझेल येतं, तरी पंपातून पुढे जात नाही? रोटरी पंपावर एक सोलेनॉइड (डिझेल सोडणारी-थांबवणारी विजेवरची झडप) असतो, त्याला एकच वायर. चावी ऑन केल्यावर तिथे टक असा आवाज यायला हवा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत त्या वायरचं टोक हिरवं पडून तुटलेलं सापडतं. पंप उतरवायला निघण्याआधी हे पाहा.

सेल्फ, बॅटरी आणि अर्थिंग

डिझेल फिरवायला पेट्रोलपेक्षा बराच जास्त करंट लागतो, त्यामुळे कनेक्शनमधला थोडासा गंजही भोवतो. कळंगुट, कोलवा, वास्को अशा ठिकाणी सेल्फ मंद झाला की लोक बॅटरी बदलतात. दोष कित्येकदा इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीत असतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस शिशावर, क्लॅम्पवर नव्हे. दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. पट्टी सोडवा, दोन्ही बाजू सँडपेपरने चकचकीत करा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी तपासायची तर सेल्फ चालू असताना तिच्या दोन टोकांमधला आकडा ९.६ व्होल्टच्या खाली जायला नको.

हीटर प्लगचं (सुरू होताना सिलिंडरमधली हवा तापवणाऱ्या प्लगचं) दुखणं गोव्याच्या उबेत लपून राहतं. थेट इंजेक्शनच्या (डिझेल सरळ पिस्टनवर फवारणाऱ्या) इंजिनात चारही प्लग मेले तरी मे महिन्यात गाडी पटकन सुरू होते, आणि डिसेंबरात बेळगावला मुक्काम केला की सकाळी अडते. इंडिकासारखं प्री-चेंबरचं इंजिन मात्र इथेही कुरकुरतं, सुरू होताच थरथरतं आणि डिझेलच्या वासाचा पांढरा धूर सोडतं. प्लगवरची पट्टी सोडवून प्रत्येकाचा रोध मोजा: साधारण १ ओहमच्या आसपास असेल तर ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग मेला. थेट १२ व्होल्ट लावून परीक्षा करू नका, काही प्लग त्याहून कमी व्होल्टचे असतात. काढताना इंजिन गरम असू द्या, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा, आणि अडला तर जोर करू नका. हेडमध्ये तुटलेला प्लग काढणं हे प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट काम आहे.

ऑइल

जुन्या मेकॅनिकल इंजिनाला १५डब्ल्यू-४०, एपीआय सीएच-४ किंवा सीआय-४ दर्जाचं डिझेल ऑइल. कॉमन रेलला पुस्तकात सांगितलेलं, बहुधा ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४०. मेकॅनिकल गाडीचं ऑइल ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल तेव्हा बदला. गोव्यातली रोजची धाव छोटी असते, इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये ओल राहते.

इंजिन कोमट करून ड्रेन नट उघडा, नवा कॉपर वॉशर लावा. फिल्टरच्या रबराला ऑइल चोळा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण वेढा. सांगितल्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरून सोलेनॉइडची वायर काढून सेल्फ मारा. ऑइलचा दिवा विझला की वायर जोडा, सुरू करा, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहून बाकीचं भरा.

डिझेलचं नवं ऑइल शंभर किलोमीटरमध्ये काळं होतं. ती काजळी ऑइलने धरून ठेवलेली असते, ते त्याचं कामच आहे. काळजी करायची ती पातळी वाढली तर. ऑइल आपोआप वाढत नाही. आत डिझेल किंवा कूलंट येतंय. डिपस्टिक हुंगा. डिझेलचा वास आला तर पंपाच्या शाफ्टचं सील किंवा फीड पंपाचा पडदा, कॉफीच्या रंगाचं दुधी ऑइल झालं तर हेड गॅसकेट किंवा ऑइल कूलर. अशी गाडी चालवायची नाही, बेअरिंग जातं.

डिझेलला पेट्रोलसारखी इनटेकमध्ये ओढ नसते, म्हणून ब्रेकच्या बूस्टरसाठी (पॅडल हलकं करणाऱ्या डब्यासाठी) वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि त्याला इंजिन ऑइल रबरी होजने मिळतं. हा होज फुटला तर ऑइल रस्त्यावर जातं आणि ब्रेकही कडक होतो. होज दर सर्व्हिसला वाकवून पाहा. भेगा दिसल्या की बदला.

पाणी, म्हणजे कूलंट

विहिरीचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. जांभा दगडातलं पाणी लोहाचं, किनाऱ्याजवळचं मचूळ. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. कूलंट आणि डीमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं, दर दोन वर्षांनी नवं. भरताना हीटरचा नॉब गरमवर ठेवा, नाहीतर हवा अडकते.

‘इथे थंडी कुठे’ म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायची सवय ठिकठिकाणी आहे. ती मोडा. इंजिन ८० अंशांच्या वर राहिलं नाही तर डिझेल पूर्ण जळत नाही, ते मिसळून ऑइल पातळ होतं, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजतो. इंजिन तापत असेल तर कारण शोधा: रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे, ढिला बेल्ट, फॅनचं कपलिंग, झाकणाची स्प्रिंग. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा पंख वाकवतो. थर्मोस्टॅट स्टोव्हवर पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवून तपासता येतो: साधारण ८२ ते ८८ अंशांत उघडायला लागला पाहिजे.

सकाळी थंड इंजिन सुरू केल्या केल्या वरचा होज कडक होत असेल, किंवा कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेट गेलंय. चोर्ला किंवा अनमोड घाट चढायच्या आत काम करून घ्या. टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेली गाडी घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नका. मिनिटभर मोकळी चालू द्या, टर्बोच्या बेअरिंगला तोवर ऑइल मिळतं.

हवा

तांबड्या धुळीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने एअर फिल्टर दर महिन्याला उघडून पाहावा. पण फिल्टरपेक्षा त्याच्या पुढचा होज महत्त्वाचा. फिल्टर नवा, आणि होजला क्लिपखाली भेग असेल तर धूळ थेट सिलिंडरमध्ये. होज काढा, आतून पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर तांबडी रेघ उमटली तर गळती आहे. अशा धुळीने पिस्टनच्या रिंगा थोड्या हजार किलोमीटरमध्ये जातात. जुन्या जीपच्या ऑइल-बाथ फिल्टरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरू नका.

धूर

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, टर्बोचा फुटका होज, टपकणारं नोझल. पांढरा आणि डोळे चुरचुरणारा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय: हीटर प्लग, टायमिंग, कमी कॉम्प्रेशन. निळा म्हणजे ऑइल. निळा धूर असेल तर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा आणि छिद्रावर उलटं ठेवा. ते उडून पडत असेल तर रिंगा-बोअर गेलेत; जागेवर राहत असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो बघा.

पीयूसीला डिझेलची धुराची परीक्षा इंजिन पूर्ण रेसवर नेऊन होते. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप), बीएस-४ ला ५०. बेल्टचं वय माहीत नसताना ही परीक्षा देऊ नका, आणि पंधरा-वीस किलोमीटर चालवून इंजिन गरम करूनच जा. १५ वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं आणि ते ५ वर्षांसाठी असतं.

दोन आणीबाणी

पणजीच्या १८ जून रस्त्यावर किंवा साखळीत वाळवंटीला पूर आल्यावर पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही; वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर हीटर प्लग किंवा नोझल काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं, मगच सेल्फ.

दुसरी: टर्बोचं सील गेलं किंवा ऑइल फार जास्त भरलं की इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं. आवाज चढत जातो, चावी काढली तरी थांबत नाही. ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका, क्लच सोडून इंजिन पाडा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबा, हात कधीही नाही. जमलं नाही तर लांब व्हा.

महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी

जायच्या आदल्या दिवशी टाकी पूर्ण भरा, म्हणजे पाणी धरायला रिकामा पत्राच उरत नाही. ऑइल बदलून जा. जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगवर बसून राहतं. बॅटरीचा मायनस काढा. हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, नाहीतर ब्रेक चिकटतो. हवेच्या तोंडाला जाळी बांधा, एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर घर करतात. चावीला चिठ्ठी अडकवा, जाळी काढायची राहून जाऊ नये म्हणून. शेजाऱ्याला आठवड्याला दहा मिनिटं नुसती चालू करायला सांगू नका. त्याने ओल आणखी वाढते. चालवणार असेल तर महिन्यातून एकदा २० ते २५ किलोमीटर चालवू दे.

परत आल्यावर आधी जाळी काढा, डब्यात डोकवा, वायरी कुरतडलेल्या नाहीत ना पाहा. फिल्टरचं पाणी काढा, हातपंप कडक होईपर्यंत दाबा. मग सोलेनॉइडची वायर काढून दोनदा दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइल वर चढू द्या, वायर जोडून सुरू करा. ऑइलचा दिवा काही क्षणांत विझला नाही तर लगेच बंद. विझला तर पहिली पाच मिनिटं रेस न करता चालू ठेवा, खाली वाकून गळती पाहा, आणि ब्रेकचं पॅडल दोन-तीनदा दाबून बूस्टर भरलाय याची खात्री झाल्यावरच गाडी फाटकाबाहेर काढा.